पाण्याच्या टाक्या काढणारे आजोबा

माझ्या पहिल्या अमेरिकन रेझ्युमेवर तीन वर्षांचा अनुभव होता. त्यातली दोन वर्षं मला इथे आणणाऱ्या कन्सल्टन्सीने पदरची घातली होती आणि मी ती पाठ केली होती. आता व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये मीच इंटरव्ह्यू घेतो. थापा मारणाऱ्याला मी पाच मिनिटांत ओळखतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. कसा ओळखतो, हे कोणी विचारत नाही.

माझी मुलगी शनिवारी जवळच्या वृद्धाश्रमात मदतीला जाते. तिथल्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या एका आजोबांनी तिला सांगितलं, की कॉमिक्स घरोघरी वाचली जायची त्या काळात ते न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सची चित्रं काढायचे. तिने लायब्ररीत त्यांचा कार्यक्रम ठरवला. मला काही खरं वाटेना. एकाही अंकावर त्यांचं नाव सापडत नव्हतं. पुढच्या शनिवारी मीही गेलो.

"तुमचं नाव कुठेच कसं नाही?"

"नाव मालकाचं लागायचं."

"बरं, तुमचा हीरो काढून दाखवा."

"बाबा, धिस इज नॉट ॲन इंटरव्ह्यू," मुलगी पुटपुटली.

त्यांनी पेन्सिल घेतली. हीरोचा चेहरा बटाट्यासारखा आला. ते स्वतःच हसले. "चेहरे माझ्याकडे कधी नव्हतेच."

मला तेवढं पुरलं. सोमवारी मी लायब्ररीत फोन केला आणि नाव न सांगता म्हणालो, या गृहस्थांचं सगळं जरा तपासून घ्या. कार्यक्रम रद्द झाला.

तीन आठवड्यांनी मुलीने एक कागद माझ्यापुढे ठेवला. चेहरे नव्हते, तर तुमच्याकडे काय होतं, असं तिने आजोबांना विचारलं होतं. कागदावर गच्च्यांची रांग, लोखंडी जिने, लाकडी पाण्याच्या टाक्या, सगळं पट्टीशिवाय. मग तिने जुन्या कॉमिक्सचं जाड पुस्तक उघडलं. उडणाऱ्या हीरोच्या मागे, पानापानावर त्याच टाक्या, प्रत्येकीचा एक पाय कागदावरच्यासारखाच किंचित आखूड. एका लांब टेबलावर पाच जण बसायचे, ती म्हणाली. कोणी चेहरे काढायचा, कोणी अक्षरं, आणि आजोबा मागचं शहर. मी स्वतः गेली सहा वर्षं एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरचं फक्त लॉगिनचं पान सांभाळतोय. तरी मला हे सुचलं नव्हतं.

फोनचं कबूल करायचंच, असं ठरवून मी वृद्धाश्रमात गेलो. आजोबा एकटेच जेवत होते.

"कोणीतरी फोन केला, असं लायब्ररीवाले म्हणाले," ते म्हणाले. "कोणी ते मला माहीत आहे." त्यांनी खिडकीजवळच्या म्हाताऱ्याकडे चमचा रोखला. "आठ वर्षं या टेबलावर समोरासमोर जेवलो आम्ही. पहिल्यापासून जळतो माझ्यावर. आता तोंड बघत नाही त्याचं."

तो म्हातारा आमच्याकडेच बघत होता.

"ते नसतील हो," मी म्हणालो.

आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला काय माहीत?"

"नाही, असंच वाटलं," मी म्हणालो आणि त्यांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.