फक्रुद्दीनकाकांनी स्वतःला दिलेलं भिंग

फक्रुद्दीनकाका आमच्याकडे यायचे तेव्हा आधी त्यांचा खोकला यायचा आणि मागून ते. बोळात खोकला ऐकला की आई चहाचं आधण वाढवायची. त्यांची कपबशी ओसरीवरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. त्या काळी ते कुणाला खटकत नव्हतं; आता मला खटकतं.

काका फोटोग्राफर होते. गंगावेशीजवळ एका दुमजली घराच्या गच्चीवर, उत्तरेकडून काचा बसवलेल्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. खाली ते आणि ताजबीकाकू राहत. माझे वडील नृसिंह, ते शाळेत ड्रॉइंग मास्तर. काकांच्या स्टुडिओतला कमानींचा आणि तळ्यातल्या हंसांचा पडदा त्यांनीच रंगवला होता. तिथून दोघांची दोस्ती झाली. कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर येऊन अठराएक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी तीन-चार वर्षांची होते. म्हणून यातलं थोडं मला आठवतं आणि बाकीचं ताजबीकाकूंनी पुढे मला कितीदा तरी सांगितलेलं आहे. घरात त्या दखनी उर्दूत बोलत, माझ्याशी मात्र मराठीत; म्हणून इथलं त्या दोघांचं बोलणंही मराठीत आलं आहे.

काका सोळाव्या वर्षापासून विडी ओढत. चाळिशी उलटली तेव्हा छाती भात्यासारखी वाजायला लागली होती. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ते खपून गेलं असतं. पण काकांच्या कॅमेऱ्याचं भिंग जुनं आणि मंद होतं. झाकण काढून चार-पाच आकडे मोजायचे आणि परत लावायचं. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही, आणि काकांनी खोकायचं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याआधी मुरगूडहून एक म्हातारा-म्हातारी बैलगाडीनं आली. गुंडू आणि चिमणाबाई. त्यांचा मुलगा आकाराम मुंबईला गिरणीत होता. त्यानं आईबापाचा एक फोटो पाठवून द्या म्हणून पत्र धाडलं होतं. गुंडू जनावरांच्या बाजारात सौदे जमवून देणारा माणूस, त्यामुळे तोंडाला विश्रांती नाही. काकांनी त्यांना मोठ्या मिनतवारीनं गप्प बसवलं, झाकण काढलं, आणि दोन मोजता मोजता खोकल्याची उबळ आली. कॅमेऱ्याचं तिपायी तिकाटणं हाललं. दुसरी काचेची प्लेट घातली, तेच झालं. तिसरी घालेपर्यंत आभाळ भरून आलं आणि उजेड गेला.

"मालक, ही हाललिया," काका म्हणाले. "तुमी जावा. कॅमेरा घिऊन मीच येतो मुरगूडला. म्हैन्याच्या आत."

महिना गेला, दुसरा गेला. कॅमेरा जड, रस्ता चिखलाचा, छातीत दम नाही. काका आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले.

श्रावणात चिमणाबाई एकटीच स्टुडिओच्या पायऱ्या चढून आली. काकांनी विचारलं, "मालक न्हाई आले?"

"आखाडात गेलं," ती म्हणाली. "दोन दिवस ताप आला न्हवं. आकाराम आलता, त्योबी माघारी गेला. त्यो फोटू द्या की, हालल्याला."

"मावशी, त्यात तोंडं दिसत न्हाईत. चूक माझी हाय. मला खोकला आला."

"आसंना. द्या."

काकांनी ती काच शोधून काढली आणि कागदाला लावून उन्हात ठेवली. श्रावणाचं ऊन येत-जात होतं. चित्र उतरायला वेळ लागला, तोवर चिमणाबाई पायरीवर बसून राहिली. कागद हातात आल्यावर तिनं तो डोळ्यांजवळ नेला. दोन माणसं शेजारी बसलेली होती, पण दोघांच्याही चेहऱ्यांच्या जागी धुरकट रेघा उमटल्या होत्या.

"ह्यांचं तोंड कवा थांबलंतं?" ती म्हणाली. "झोपंत सुदीक बोलायचं. बराबर हाय ह्ये." मग स्वतःच्या बाजूला बोट लावून म्हणाली, "मीबी हाललोय व्हय? आसू दे. संगंच हाललोय न्हवं."

पदरात गुंडाळून तिनं फोटो नेला. काकांना एक उणा शब्द बोलली नाही. काका ताजबीकाकूंना म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

विडी सोडायचा त्यांनी आधी प्रयत्न केला नव्हता असं नाही. दर्ग्यात जाऊन शपथ घेतली होती, ती आठ दिवस टिकली. एकदा अख्खं बंडल रंकाळ्यात फेकलं आणि परत येताना वाटेतच दुसरं घेतलं. दर वेळी शपथ मोडली की लाज वाटायची, आणि लाज वाटली की विडी लागायची.

हे सगळं त्यांनी आमच्या ओसरीवर बसून वडिलांना सांगितलं. वडील हसले नाहीत. म्हणाले, "फकरू, वर्गात छडी दाखवली की पोरांची रेघ जास्तच वाकडी येते. रंगाची कांडी देतो म्हटलं की सरळ येते. तू आजवर स्वतःला छड्याच मारत आलास. एकदा बक्षीस लावून बघ."

"मला कोण बक्षीस देणार, मास्तर?"

"तूच. तुला हवं असलेलं काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

हवं असलेलं काय ते वडिलांनाही ठाऊक होतं. मुंबईच्या एका दुकानाची छापील यादी काकांकडे दोन वर्षं पडून होती. तिच्यातल्या एका पानाचा कोपरा अंगठ्यानं काळा पडला होता. त्या पानावर नवं विलायती भिंग होतं, रबरी गोळा दाबून उघडझाप करायच्या पितळी चकतीसकट. हलतं मूलसुद्धा त्यात स्पष्ट येतं, असं खाली छापलेलं होतं. काका ते पान बघायचे आणि यादी मिटून ठेवायचे.

रमजान लागला. रोज्यात दिवसभर विडी नसायचीच, पण दर वर्षी रोजा सुटला की खजुराच्या मागोमाग विडी पेटायची. त्या ईदला सगळीकडे गळाभेटी चालल्या असताना काकांनी काकूंना सांगितलं, "पुढच्या रमजान ईदपतोर विडी न्हाई. जमलं तर ते भिंग घ्यायचं. माझं मला."

"सोताच सोताला बक्षीस? ल्हान पोर हाय का तुमी?" काकू हसल्या. पण हसता हसता त्यांनी कात्री आणली, यादीतलं ते चित्र कापलं आणि खळीनं भिंतीवर चिकटवलं. जेवण झाल्यावर काका टेकून विडी ओढत बसायचे, नेमकी तीच जागा त्यांनी धरली.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. काकांच्या हातांना काय करावं कळेना. अंधाऱ्या खोलीत काच धुताना, फोटो वाळताना, गिऱ्हाइकाची वाट बघताना, जिथं जिथं थांबायचं तिथं तिथं हात खिशाकडे जायचा. काकूंनी खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या भरून ठेवल्या. त्या चघळून जीभ गोडमिट्ट झाली की भाजलेल्या शेंगा. काका चिडके झाले. लग्नाचा फोटो काढायला आलेल्या एका नवऱ्यामुलाला, फेटा नीट बांधायला येत नसेल तर लग्न कशाला करतोस, असं म्हणाले. तो फेटा सोडून निघूनच गेला. त्याला काकूंनी जिन्यातून परत आणलं.

मग खोकला वाढला. हा अन्याय काकांना सहन होईना. "सोडली तरी खोकतोय, मग सोडली कशाला?" ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी कपबशी पुढे सरकवली. महिन्याभरात तो खोकला आपोआप उतरला.

फाल्गुनात इचलकरंजीला काकूंच्या मावसभावाकडे लग्न होतं. मांडवात जेवणं झाली, माणसं टेकून बसली आणि एकानं पेटवलेली विडी बोलता बोलता काकांच्या हातात दिली. एक झुरका आत गेला तेव्हा काकांना कळलं. तिथून उठून ते बायकांच्या बाजूला गेले आणि काकूंना बाहेर बोलावून घेतलं.

"झालं," ते म्हणाले. "संपलं सगळं. एक झुरका वडला."

काकूंनी विचारलं, "एकच?"

"एकच. पर वडला न्हवं."

"डोंगर चढताना ठेच लागली म्हणून माणूस पुन्यांदा घरापासनं चालायला लागतो व्हय? पाय चोळायचा आन् पुढं जायचं. जावा, तोंड धुवून या."

हे वाक्य सांगताना काकू दर वेळी थोड्या लाजायच्या. आपण इतकं शहाणं बोललो याचं त्यांनाच नवल वाटे.

पुढची ईद आली. त्या दिवशी वडील शिरखुर्मा घ्यायला काकांकडे गेले. आईनं त्यांना अडवलं नाही. वडिलांनी अभिनंदन केलं तसं काका म्हणाले, "मास्तर, थांबा. आमचं वर्ष तुमच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी उणं. त्यात इचलकरंजीचा झुरका हाय. ते अकरा दिवस मी वर घालणार." आणि त्यांनी घातले.

बारावा दिवस उजाडला, पण काका पत्र लिहायला बसेनात. गच्चीवरच्या दोन काचा फुटल्या होत्या. काकूंच्या हातातली एक पाटली मागे कधीतरी मोडली होती, ती परत झाली नव्हती. पैसे साठले होते, पण ते स्वतःवर घालवायचे म्हणजे त्यांना चोरीसारखं वाटायला लागलं. रात्रीच्या जेवणाआधी ते म्हणाले, "विडी तर सुटली. आता भिंग कशाला? घरालाच लागतील पैसे."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला. "घराला दिलं तर घर ऱ्हाईल. पर तुमी सोताला शब्द दिलाय. त्यो मोडला तर पुढच्या बारीला तुमचं तुमालाच खरं वाटायचं न्हाई. दर्ग्यातली शपथ मोडली, रंकाळ्यातली मोडली. ही एक तरी पुरी हू दे."

त्या रात्री काकांनी पत्र लिहिलं.

दसऱ्याच्या आसपास टपालातून पार्सल आलं. ते उघडायला वडिलांनी मला कडेवर घेऊन नेलं होतं. मला आठवतं ते हे : लाकडाचा भुसा, त्यात मेणकागद आणि आत पिवळं धमक पितळ. काकांनी ते कुणाच्या हातात दिलं नाही. धोतराच्या सोग्यानं पुसून खिडकीसमोर धरलं. समोरचं लिंबाचं झाड त्यात उलटं दिसत होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग नाक जवळ नेऊन म्हणाले, "ताजबी, पितळंला वास असतो. मला ठावं नव्हतं." काकूंनी तोंड फिरवलं. वर्षभरात काकांना वास परत यायला लागला होता, आणि हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

नव्या भिंगातून पहिला फोटो माझा निघाला. मला खुर्चीवर बसवलं, हातात पेरू दिला. कुणी गप्प बस म्हणेना, याचंच मला नवल वाटलं आणि मी काकांना काहीतरी विचारायला लागले. तेवढ्यात गोळा दाबला गेला. त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे, पेरू अर्धा खाल्लेला आहे आणि माझ्या झग्याच्या फितीची गाठसुद्धा हातानं सोडवावी इतकी स्वच्छ दिसते.

त्यानंतर काका बदलले ते धंद्यातसुद्धा. खुर्चीत ताठ बसलेली माणसं ते काढायचेच, पण आठवड्यातून एक दिवस कॅमेरा गाडीत घालून खेड्यांत जायला लागले. भाकरी थापणाऱ्या बाया, कुस्ती बघताना ओरडणारी माणसं, आईच्या कडेवरून निसटणारी पोरं. छातीत थोडी घरघर कायमची राहिली. चढ लागला की थांबावं लागायचं, पण गाडी थांबवून परत फिरल्याचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी तोच ईदचा दिवस आला तेव्हा काकांनी काकूंना विचारलं, "माझं बक्षीस मी घेतलं. वीस-बावीस वरसं धूर तू खाल्लास. तुला काय पायजे?"

काकूंनी पाटली मागितली नाही. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि सांगितलं, "मला आगीनगाडीत बसायचंय. कुठं कामाला न्हाई, कुणाच्या मयताला न्हाई. नुस्तं बसायचं. आन् तुमचा फोटूचा डबा घरी ठिवायचा."

मग एका सकाळी दोघं कॅमेरा घरी ठेवून हातकणंगल्यापर्यंत गेले. काकू गाडीत पहिल्यांदाच बसत होत्या. खिडकीतून उसाचे मळे मागे पळताना बघून त्यांनी काकांचं मनगट धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. हातकणंगल्याच्या स्टेशनवर झाडाखाली बसून त्यांनी धपाटी खाल्ली. परतीच्या गाडीला दोन तास होते. काका मध्येच म्हणाले, "ह्यो उजेड बघ, काय पडलाय. कॅमेरा पायजे होता."

"गप बसा," काकू म्हणाल्या. "मी बघतोय न्हवं."

गाडी येईपर्यंत दोघं रुळांवर पडलेलं ऊन बघत राहिले.