इम्पालात मॅटॅडोरचं इंजिन

…तर ते बोनेट काही केल्या बसेना. काल इथंच चहा आला अन् गोष्ट अधांतरी राहिली. अजून खरं इंजिन गाडीत गेलंच नव्हतं, बरं का. भिकन मिस्तरीनं साबणाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून इंजिनाच्या मापाचा नुसता सांगाडा केला होता. तो इम्पालाच्या पोटात उतरवायचा, वरून बोनेट दाबायचं, किती वर राहतं ते बोटांनी मोजायचं, अन् सांगाडा पुन्हा बाहेर काढायचा. सहा दिवस हेच चाललेलं. माप रोज तेच यायचं, चार बोटं.

शेजारच्या गाळ्यातला लोटन वेल्डर म्हणजे तोंडाला झाकण नसलेला माणूस. तो म्हणाला, "भिकनभाऊ, बोनेटले भोक पाड अन् इंजिनले डोकं बाहेर काढू दे. वरातमा नवरदेवले कोन दखस? बठ्ठा गाव इंजिनच दखी."

"पाहू," भिकन म्हणाला.

कार्तिकापासून त्याच्या तोंडात हा एवढाच शब्द उरला होता. भाकरी वाढू का? पाहू. दाढी तरी करून ये. पाहू. एकदा तापल्या सायलेन्सरवर त्याचा तळहात टेकला तो तिथंच राहिला. कातडं जळाल्याचा वास लोटनला आला, अन् लोटननंच हात ओढून काढला. भिकननं त्या हाताकडं असं पाहिलं, की जणू कुणी गिऱ्हाईक तो दुरुस्तीला टाकून गेलंय.

आता ती गाडी काय चीज होती ते ऐका. धुळ्यातल्या एका गिरणीवाल्या शेठची ती अमेरिकी इम्पाला. आठ सिलिंडर, चार या अंगाला, चार त्या अंगाला. नुसती उभी असली तर चुलीपाशी मांजर घोरावं तसा आवाज, अन् पाय दाबला की मागं बसलेल्याची टोपी मागच्या काचेला. भिकनचा थोरला भाऊ पितांबर शेठकडं बावीस वर्षं ड्रायव्हर. शेठ गेले, पोरांनी मुंबई धरली, अन् जाताना गाडी पितांबरच्या दारात लावून गेली. पोरं म्हणाली, "ही आमचं कुठं ऐकते? तुमचंच ऐकते."

मग काय, खानदेशातली लग्नं अन् पितांबरभाऊची इम्पाला! साक्रीला एका लग्नात गाडी अशा बोळात शिरली, की दोन्हीकडच्या भिंती दारांना चिकटल्या. दार उघडेना. नवरदेवाला बाशिंगासकट खिडकीतून उपसून काढला. नवरीकडचे बापडे समजले, वराकडची हीच रीत असेल; त्यांनी खिडकीलाच ओवाळलं. आजही त्या बोळात नवरदेव दारातून उतरला तर म्हाताऱ्या म्हणतात, काहीतरी राहिलं बुवा.

पण चार वर्षांपूर्वी इंजिनातली क्रँक, म्हणजे सगळं इंजिन फिरवणारा दांडा, तुटली. तसली क्रँक धुळ्यात नाही, जळगावात नाही. मुंबईच्या जुन्या बाजारातून भिकन दोनदा हात हलवत परत आला. गाडी गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली गेली, अन् पितांबर व्यापारी बन्सीलालच्या मॅटॅडोर टेम्पोवर केळी वाहू लागला. तरी दर रविवारी येऊन ताडपत्री काढायचा, गाडी पुसायचा, लेकीला मागच्या सीटवर बसवायचा अन् म्हणायचा, "लता, सासरले जाशी तं यामाच जाशी. इंजिननं काय ते तुना काका दखी."

अन् मग कार्तिक महिना आला. नशिराबादच्या अलीकडं, भर दुपारी, केळीनं भरलेल्या मॅटॅडोरचं मागचं टायर बसलं. बॅटरी उतरलेली होती. एकदा बंद पडली तर धक्का मारावा लागला असता, म्हणूनच त्या खेपेला भिकनही बरोबर होता. इंजिन चालू ठेवून पितांबर मागं जॅक लावायला बसला. भिकन रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा आणायला गेला. तेवढ्यात मागून लोखंडाचा ट्रक आला. मॅटॅडोरची मागची बाजू कागदासारखी चुरगळली. पुढच्या इंजिनाला ओरखडा नाही.

भिकन रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. त्या दिवसाचं कुणी काही विचारलं तर एवढंच सांगायचा, "च्या आनाले गयथू."

लताचं लग्न शिरपूरला ठरलेलं होतं. घरात असं झालं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. मुलाकडचे वैशाखाला राजी झाले. तेव्हा बन्सीलालनं ते वाचलेलं इंजिन हातगाडीवर घालून भिकनच्या गॅरेजात आणून उतरवलं. म्हणाला, "भिकन, मोडीतमा देवाले मन व्हत नही. चार साल पितांबरभाऊना हात व्हता याले. इम्पालामा बसाड, पोरले तिना बापनी गाडीमा जाऊ दे."

चांगला विचार. पण गल्लीत बोंब झाली. शेजारची केसरबाई ओट्यावरून ओरडली, "माय वं! मानूस खायेल इंजिन शे ते. त्यावर नवरी धाडशी, द्रौपदा?"

द्रौपदाबाई म्हणजे पितांबरची बायको.   इंजिन दोन ओंडक्यांवर ठेवलं होतं, वर पोतं टाकलं होतं. त्या पोत्याला भिकननं हात लावला नाही. लागणारी मापं त्यानं बन्सीलालच्या दुसऱ्या मॅटॅडोरची घेतली. मग अडचणी काढत बसला. बोनेट बसत नाही. लोटन म्हणाला, वर पत्र्याचा उंचवटा जोडून देतो. गिअरबॉक्सला जोड लागेल. लोटन म्हणाला, तोही देतो. डिझेल खडखडतं, गाडी हादरेल. लोटन म्हणाला, "हादरू दे. नवरी तशीबी रडीच ऱ्हास, कोनले कळस?"

"पाहू."

हळदीला अकरा दिवस राहिले. लता स्वतः गॅरेजात आली. काकाच्या हातातला पाना काढून घेतला अन् म्हणाली, "काका, नही जमत व्हई तं नही सांगी द्या. मी एस्टीमा जासू, माले लाज नही. पन 'पाहू' नका सांगू."

भिकननं दुसरा पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई आली. एका काखेत सूप, दुसऱ्या हातानं केसरबाईला ओढत. सुपात मूठभर ज्वारी. लोटननं गॅस बंद करून चष्मा कपाळावर चढवला. असला तमाशा तो कशाला सोडतो?

तुम्हा पोरांना माहीत नसेल. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं नवं लेकरू जन्मलं की ते सुपात घालून शेजारणीला देऊन टाकायचं. मग आईनं पदर पसरून तेच लेकरू तिच्याकडून भीक म्हणून मागून आणायचं. मरण जुन्या आईचं लेकरू शोधत येतं, ते सापडत नाही, अन् माघारी जातं. गावोगाव जे भिकन अन् सुपडू दिसतात ते असे आलेले. हा आपला भिकनही तसाच, तीन भावंडं गेल्यावर मागून आणलेला.

द्रौपदाबाई म्हणाली, "मागेल लेकरूले मरन वळखत नही. इंजिनले काय वळखी? केसर, हाई इंजिन तुले दिधं."

"माले?" केसरबाई दचकली. "मी काय करू वं याले?"

"तू जास्ती बोंबलस, म्हनून तुले."

"मना घरमा पलंगखाले कोंबड्या शेत, मी याले ठेवू कोठे?"

सगळं इंजिन सुपात मावणार कसं? लोटननं पोत्याखाली हात घातला, तेल मापायची कांडी उपसली, पुसली अन् ज्वारीवर आडवी ठेवली. "हाई लेकरूना पाय समजा."

केसरबाईनं सूप छातीशी धरलं. आधी हसली, मग समोर पाहिलं अन् तिचं हसू थांबलं. द्रौपदाबाईनं पदर पसरला होता. "केसर, मना पदरमा भीक घाल वं." हे म्हणताना तिचा आवाज चढावर अडकलेल्या हातगाडीसारखा अडकला, तिनं तो रेटून वर नेला. केसरबाईनं कांडी ज्वारीसकट पदरात ओतली. म्हणाली, "घे माय. मनं व्हतं, तुले दिधं. आते याना जुना धनी कोनी नही."

"नाव ठेवा पडी," लोटन म्हणाला. "सुपडू ठेवा!"

लता फिस्सकन हसली. कार्तिकानंतर त्या घरातलं कुणी पहिल्यांदा हसलं. बायका हसल्या, लोटन तर मांडीवर थाप मारून हसला. भिकन उठला. इंजिनापाशी गेला. पोतं काढलं, घडी केली, बाजूला ठेवलं. जळक्या तळहातानं इंजिनाला हात लावला अन् बराच वेळ काढला नाही.

द्रौपदाबाईनं विचारलं, "भिकनभाऊ, आते मी मागी आनं. आते तरी सांगा. बसाडतस का नही?"

भिकन म्हणाला, "बसाडसू, वहिनी. बोनेटबी बसी जाई. पन तुम्हले एक गोट सांगानी ऱ्हायेल शे. त्या दिन ट्रक आदळना तरी हाई इंजिन चालूच व्हतं. मी हातमा च्या धरी पळत ऊनू, अन् पह्यले इंजिन बंद कयं. मंग भाऊकडे गऊ. पह्यले इंजिन, मंग भाऊ. हात आपला आपन चाली गया, वहिनी. आते मी हाई बसाडी देसू, पन चालू करनार नही. चाबी लता फिरावी. मी त्या टायमाले मांगे, टायरजोडे उभा ऱ्हासू."