सांगण्यासारखं काही घडलं नाही

घरात तिला थोरली म्हणत. मागून धाकटी आली म्हणून ती थोरली झाली, एवढंच. मोठेपणा गाजवायचा तिचा स्वभाव नव्हता. काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती सात वर्षं नोकरीला होती. बांधकामांवरून काँक्रीटचे ठोकळे यायचे. ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे, मुदत भरली की काढून पुसायचे, मशीनच्या जबड्यात धरायचे आणि फुटेपर्यंत दाबायचे. किती भाराला फुटला ते लिहायचं, की पुढचा. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "आमची थोरली इंजिनियर आहे, दगड फोडते." थोरली त्यावर हसायची नाही आणि रागवायचीही नाही.

एकदा तिच्या टेबलावर कुणीतरी एका जुन्या पुलाचा अहवाल विसरून गेलं. भेगा कुठे पडल्या, पाणी कसं शिरलं, आतल्या सळया किती गंजल्या. ती सहज चाळायला लागली आणि मान वर केली तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती. डबा तसाच होता. इतकं गुंतून जाणं ती विसरूनच गेली होती. आनंद वगैरे झाला नाही. पण त्याच आठवड्यात तिने ठरवलं, याच विषयात मास्टर्स करायचं.

अडचण मार्कांची होती. पदवीची सरासरी दहापैकी सहाही नव्हती. शिफारसपत्रासाठी ती कॉलेजातल्या जुन्या सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरली.

"पहिली दोन वर्षं तर झकास आहेत. तिसऱ्या वर्षी काय झालं गं?"

"काही नाही, सर."

"घरी काही अडचण?"

"नाही."

"आजारपण?"

"नाही."

"मग प्रेमात बिमात पडली होतीस का?"

"तेवढा उत्साह नव्हता, सर."

सरांना हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "पत्र मी देतो. पण या लोकांना कारण लागतं. मार्क घसरले तर घसरले, पण का घसरले ते तुला लिहावं लागेल."

तिथेच घोडं पेंड खात होतं. तिसऱ्या वर्षी खरंच काही झालं नव्हतं. सकाळी उठून ती पलंगाच्या कडेला बसायची, हातात एक मोजा घेऊन, आणि दुपार व्हायची. घरच्यांनी हटकू नये म्हणून पुढेपुढे ती दप्तर घेऊन बाहेर पडायला लागली आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन बसायची. परीक्षेत नंबर लिहायची, समास आखायची आणि घंटा होईपर्यंत कागदाकडे बघत राहायची. दुःख होत नव्हतं, भीतीही नव्हती. पायाला मुंग्या येतात तशा सगळ्या अंगाला आल्या होत्या आणि त्या काही जात नव्हत्या. बुडालेले विषय पुन्हा देऊन चौथं वर्ष तिने कसंबसं रेटलं, एवढंच.

"मावशीचं लिही ना," धाकटी म्हणाली. ती एका कंपनीत माणसं निवडायचं काम करायची, तिला असल्या गोष्टी कळत. "मावशी त्याच वर्षी गेली. खोटंही नाही."

"मावशी गेली तेव्हा मी रडलेसुद्धा नव्हते."

"ते कुठे विचारतायत?"

आई पीठ मळत होती. ती थांबली. "तेव्हा मला वाटायचं, तू माजलीयेस. लोळत पडायची सवय लागली म्हणून किती बोलले मी तुला." तिने हाताला चिकटलेलं पीठ खरवडून काढलं. "माझ्यावरच घाल सगळं. लिही, आईला काही कळलं नाही. आईच्या माथी मारलेलं कुठेही खपतं."

कुणीच हसलं नाही. धाकटीने उगाच पंखा कमी-जास्त केला.

शेवटी थोरलीने लिहिलं ते असं: 'त्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नाही. मी वर्गात जात नव्हते. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. नंतर हळूहळू जाऊ लागले. आता रोज कामावर जाते.'

"हे वाचून तुला कुणी दारातही उभं करणार नाही," धाकटी म्हणाली. तिचं तसं चुकलं नाही. चार ठिकाणी अर्ज केले होते, तीन ठिकाणांहून नकार आले. पहिला आला तेव्हा थोरली टाकीतून ठोकळे काढत होती. ओल्या बोटाने तिने मोबाइल उघडला, वाचला, खिशात ठेवला आणि पुढचा ठोकळा काढला. वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

चौथ्या ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे तिघं जण होते. दोघांनी विषयाचं विचारलं. काही आलं, काही आलं नाही. तिसऱ्या बाई तिने लिहिलेलं समोर ठेवून बसल्या होत्या.

"पुन्हा तसं झालं तर?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली.

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि थोरली बाहेर आली.

प्रवेश मिळाला, पण अटीवर. आधी पदवीच्या मुलांबरोबर बसून दोन विषय पुन्हा द्यायचे, त्यात पास झाली तरच पुढे. आईने बातमी अख्ख्या जिन्यावर सांगितली. "अगं, तू तरी थोडी हस," ती थोरलीला म्हणाली. थोरली हसली. ते आईसाठी होतं.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना ती मास्तरीण वाटली. "बसा," ती म्हणाली, आणि स्वतः तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मागे कितीतरी वेळ खसखस पिकत होती.

सत्राच्या मध्यावर, एका सकाळी, फाटकाशी आल्यावर तिचे पाय थांबले. मुलं बाजूने आत जात होती. बऱ्याच वेळाने तिने घरी फोन लावला.

"आई, आत जावंसं वाटत नाहीये."

पलीकडे भांडी ठेवल्याचा आवाज झाला. "बरं. तिथेच थांब. मी येते."

आई घरातल्याच चपला घालून आली. दोघी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. आईने काही विचारलं नाही, शेजारणीच्या मोडलेल्या नळाची हकिगत मात्र तपशीलवार सांगितली. त्या दिवशीचे तास बुडाले. दुसऱ्या दिवशी थोरली गेली.

दोन्ही विषय सुटले, एक तर अगदी काठावर. आता ती मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी वर्ग, दुपारनंतर प्रयोगशाळा. धाकटी अधूनमधून विचारते, "बरं वाटतंय ना आता?"

"कधी कधी," थोरली म्हणते.