माशाला म्हणे पूल आवडतो

ऑफिसात तिला सगळे मासेताई म्हणत. नदीतल्या एका दुर्मिळ, बोटाएवढ्या माशाचा नकाशा करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. मासा सापडला, की तिथे लाल ठिपका द्यायचा. आणि बघावं तर सगळे ठिपके पुलांपाशी!

साहेब खूश झाले. “अहवालात लिहा, या माशाला पुलाची सावली आवडते.”

मासेताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो साहेब, आपली जीप पुलापर्यंतच जाते! आपण तिथेच उतरतो, तिथेच जाळं टाकतो आणि चहा पिऊन परत येतो. पूल नव्हते तेव्हा मासा काय छत्री घेऊन फिरत होता?”

पालथ्या घड्यावर पाणी! मग ती स्वतःच निघाली. “या वयात?” असं नवरा म्हणाला, त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कुरकुरत्या गुडघ्यांनी काठाकाठाने दोन दिवस चालली आणि जिथे साधी पायवाटही नाही तिथे जाळं टाकलं. पहिल्याच खेपेला सात मासे!

सोमवारी तिने तिथे ठिपका दिला आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी चष्मा लावून बराच वेळ निरखला.

“अरे वा,” ते म्हणाले, “इथे पूल कधी झाला?”