कोटिंगच्या मशीनचा फोटो

तो फोटो मी आधी पाहिलेला होता. त्यामुळे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरून, "हे पाहिलं का? आपल्याच गावचं आहे म्हणे," असं विचारलं तेव्हा मला आधी चांगलंच वाटलं. निळी टाकी, नवीकोरी मशीन, पट्ट्यावरून घरंगळणारी संत्री आणि बाजूला डोक्याला रुमाल बांधून उभ्या असलेल्या बाया. परवाच तो आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर आला होता. मग मी खालचा मजकूर वाचला.

वरूडच्या या गोडाऊनमध्ये संत्र्याला असं औषध लावतात की ते खाऊन आपल्या बायांना मूल होणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. गोडाऊनच्या मालकाचा धर्म लिहिला होता, मोबाईल नंबर दिला होता. जाब विचारा आणि प्रत्येक ग्रुपवर पाठवा, असंही होतं.

"अहो, हे मेण आहे," मी म्हणाले. "खाण्यातलं मेण. फळ टिकावं म्हणून लावतात. सगळेच लावतात."

"असेल," त्या म्हणाल्या, "पण धूर आगीशिवाय..." आणि माझा चेहरा पाहून थांबल्या.

ते गोडाऊन भाईंचं. आमच्या सासरच्या बागेची संत्री वर्षानुवर्षं तेच घेत आले. माझे यजमान अमरावतीच्या कोर्टात वकिली करतात, बाग सासरे आणि धाकटे दीर पाहतात, आणि मी वरूडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. भाई सासऱ्यांना बाबूजी म्हणायचे, मला ताई.

बागायतदारांचा तो ग्रुप मीच काढला होता. ती वर्षं फार वाईट होती. बोअरचं पाणी खाली खाली चाललं होतं, लोक टँकरने झाडं जगवत होते, आणि जगवलेल्या झाडांची फळं गळून बुंध्याभोवतीच्या आळ्यात सडत होती. आमच्या शेजारच्या मळ्यात एका आठवड्यात अख्खी बाग आरीने कापून लाकडाच्या ट्रकमध्ये गेली. कोणत्या मंडीत काय भाव आहे, कोणती फवारणी लागू पडते, कोणाकडे टँकर मोकळा आहे, हे एकमेकांना कळावं म्हणून मी नंबर गोळा केले. पुढे बायका मला वेगळ्याने लिहू लागल्या. घरचा माणूस दोन दिवस बोलला नाही, मळ्यातून उठून घरी येत नाही, आता काय करू, असं. कोणी रडत बोललेला आवाज पाठवायची. मी उत्तर द्यायचे, कधी जाऊन यायचे. हे सगळं माझ्या फोनमध्ये होतं आणि ते फक्त माझ्या भरवशावर होतं.

त्याच काळात मी एका दैनिकात दर आठवड्याला तंत्रज्ञानावर सदर लिहीत असे. कोणती कंपनी आपली माहिती कुठे नेते, कोणतं अ‍ॅप काय काय परवानग्या मागतं, सरकारने आपल्या बोटांचे ठसे घेऊन कुठे ठेवलेत, असे विषय. सासरे चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "आपल्या फोनमंधी असं काय सोनं ठेवलं हाय, की थे अमेरिकावाले चोरून नेतीन?" मी त्यांच्याशी वाद घालायचे. लपवण्यासारखं काही नसलं तरी दार लावून घ्यायचा हक्क माणसाला असतो, असं मी तावातावाने सांगायचे. मला भीती होती ती लांबच्या लोकांची.

भाईंना फोन लावला तर सारखा व्यस्त. पाचव्या-सहाव्यांदा त्यांनी उचलला.

"ताई, सकाळपासून शिव्या खाऊन राहिलो," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "कोन कुठून बोलून राहिला, काही समजत नाही. एक तर लहान पोरगी होती हो, माया नातीएवढी. तिनं बी शिवी देल्ली."

"फोन बंद ठेवा."

"बंद कसा ठेवू? ट्रक वाटेत हाय. ड्रायव्हर म्हनते, मी पुढं जात नाही, लोकं गाडी जाळतीन."

मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. तास कोणाला तरी घ्यायला सांगून मी स्कूटी काढली.

गोडाऊनसमोर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बरीच ओळखीची. दोघे तर माझे जुने विद्यार्थी. कोणी दगड उचलला नव्हता, पण सगळे गप्प होते, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. शटर अर्धं ओढलेलं होतं. कामावरच्या बायांपैकी काहींचे नवरे त्यांना न्यायला आले होते, आणि बाया रुमाल सोडून, डबे घेऊन, मान खाली घालून निघत होत्या. एकीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "म्या सांगतलं त्यायले, बाई, की आमी रोज हेच संत्रं खातो. ऐकत नाहीत."

निवडणुकीचे दिवस होते. एक तरुण मोबाईल हातात उंच धरून बोलत होता, सगळं थेट दाखवत होता. मला पाहताच त्याने फोन माझ्याकडे वळवला. "या मॅडम इथं कशा आल्या, हे पण पाहा. मॅडम, बोला, यांच्या बाजूनं बोलायचं असंल तर बोला."

वर्गात साठ मुलांपुढे बोलणारी मी, त्या काळ्या भिंगापुढे एक वाक्य धड बोलू शकले नाही. "हे मेण आहे," एवढंच म्हणाले. मागून कोणीतरी हसलं. मी शटरखालून वाकून आत गेले.

भाई प्लॅस्टिकच्या कॅरेटवर बसले होते. मशीन बंद होती. पट्ट्यावर अर्धी चकचकीत, अर्धी कोरडी संत्री तशीच पडून होती. त्यांना बाहेर जाऊन बोलायचं होतं आणि त्यांच्या मुलाने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"मी वीस वर्सं या लोकायच्या बागा घेतल्या," ते म्हणाले. "यायच्या लेकीबाळीच्या लग्नात जेवण वाढलं मी. मले बोलू दे."

"अब्बा, वो सुननेवाले नहीं हैं," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला. ठाणेदार आणि तीन शिपाई. शिपायांनी गर्दीला रस्त्यापलीकडे रेटलं. ठाणेदार आत आले, मशीन पाहिली, टाकीत बोट बुडवून वास घेतला आणि विचारलं, "फोटो कोणी काढला?"

"मीच," भाई म्हणाले. "नवी मशीन घेतली म्हनून ग्रुपवर टाकला. या पाहाले, असं लिहिलं."

"कोणत्या ग्रुपवर? अ‍ॅडमिन कोण?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. "मोबाईल द्या. लॉक उघडून."

काही आठवड्यांपूर्वीच मी सदरात लिहिलं होतं, की लेखी कागदाशिवाय फोन कोणाच्याही हाती देऊ नये. लिहिताना मी घरात टेबलाशी बसले होते आणि समोर चहा होता. आता शटरबाहेर माणसं उभी होती. मला त्या बायकांचे आवाज आठवले. हा फोन ठाण्याच्या टेबलावर पडेल, कोणी तरी सहज चाळेल, कोणाच्या तरी घरातलं रडणं चहाच्या टपरीवर जाईल.

"लेखी नोटीस द्या साहेब," मी म्हणाले. "ग्रुप मी आत्ता तुमच्यासमोर उघडते. काय पाहायचं ते पाहा. पण फोन माझ्या हातात राहील. यात दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी आहेत."

"मॅडम, बाहेर काय चाललंय ते दिसतंय ना?"

"दिसतंय."

"आणि तरी तुम्ही मला कायदा शिकवताय."

भाई माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते. त्यांचं गोडाऊन, त्यांची माणसं बाहेरच्या गर्दीपुढे होती आणि मी फोनवर अडून बसले होते. "द्या ना ताई," ते म्हणाले. "काहून अडून राहिल्या?"

मी दिला नाही. ग्रुप उघडून फोन हातात धरून ठेवला. ठाणेदारांनी वाकून सगळं पाहिलं. ग्रुपमध्ये कोण कोण आहे, ते दिसत होतं. पण तिथून तो बाहेर कोणी नेला, ते फोन सांगत नाही. ते त्यांना समजावून सांगताना माझ्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला; बाहेरच्या त्या थेट व्हिडिओत तिने मला पाहिलं होतं. तिला तोच फोटो सकाळी लवकर आला होता. पुढे लोकांनी तो कापून छाटून पाठवला होता, पण तिच्याकडे आलेल्या फोटोवर स्क्रीनची वरची काळी पट्टी तशीच राहिली होती. ज्याने स्क्रीनचा फोटो काढला, त्याने भाईंचा नंबर आपल्या फोनमध्ये ज्या नावाने ठेवला होता, ते नाव तिथे दिसत होतं. 'संत्रेवाले चाचा'.

अख्ख्या तालुक्यात त्यांना सगळे भाई म्हणतात. चाचा म्हणणारा माणूस एकच, माझा दीर. शाळेत असल्यापासून तो या गोडाऊनमध्ये येऊन बसायचा. त्या निवडणुकीत तो एका उमेदवाराचा मोबाईलवरून प्रचार करणाऱ्या टीममध्ये काम करत होता, आणि ग्रुपमध्ये त्याला मीच घेतलं होतं.

भाईंनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. मग अगदी हळू म्हणाले, "हे तुमच्या घरातलं हाय. तुमी सांगता का मी सांगू?"

ठाणेदार आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. घरी स्वयंपाकघरात सासूबाई दिराच्या लग्नाच्या गोष्टी करत असतील, असं उगाच मनात आलं.

"हा स्क्रीनचा फोटो माझ्या दिराने काढलेला आहे," मी म्हणाले आणि तो निरोप ठाणेदारांना दाखवला.

दिराला संध्याकाळी ठाण्यात बोलावलं. यजमान अमरावतीहून तडक तिथे गेले. मी घरी ओट्याशी उभी होते. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. दीर परत आला तो सरळ ओट्यापाशी आला.

"वयनी, तुमी मले एकदा इचारलं असतं," तो म्हणाला. "मी फकस्त आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकला होता. 'याले मशीन घ्याले पैसे कुठून येतेत' एवढंच लिहिलं. थो बाकीचा मजकूर माया नाही. देवाशपथ माया नाही."

मला ते खरं वाटलं. आजही वाटतं. त्या ग्रुपवरच्या दुसऱ्या कोणी तरी तो मजकूर जोडला होता, आणि कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. उमेदवाराच्या ऑफिसातून दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं, की हा मुलगा आमचा कार्यकर्ताच नाही. रात्रंदिवस त्यांच्यासाठी राबलेल्या दिराला ते फार लागलं. तो मोबाईल आतल्या खोलीत टाकून मळ्यात जाऊन झोपायला लागला. तेव्हा मी त्याच्याशी बोलायला गेले तर त्याने तोंड फिरवलं.

"तू नसती बोलली तर काय झालं असतं?" सासऱ्यांनी मला एकदाच विचारलं.

"मामाजी, भाईंनी सांगितलं असतं."

"सांगू देतीस मंग," ते म्हणाले. "परक्यानं सांगतलं अन् घरच्यानं सांगतलं, यात फरक असते."

ठाणेदारांनी अन्न व औषध खात्याच्या लोकांना बोलावून टाकीतलं मेण तपासलं. त्यात काहीच निघालं नाही. दिराने हात जोडून माफी मागितल्याचा व्हिडिओ ठाण्यातून सगळीकडे गेला, पण तो पहिल्या फोटोएवढा लांब गेला नाही. भाईंना महिनाभर फोन येत राहिले. शेवटी त्यांनी नंबर बदलला, वर्षानुवर्षांचे व्यापारी त्या नंबरासोबत गेले. निम्म्या बाया परत कामावर आल्या. भाईंनी ग्रुप सोडला तेव्हा पडद्यावर एक ओळ आली, एवढंच. मी त्यांना लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

संपादकांनी या प्रकरणावर लिहा म्हणून आग्रह केला. "तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?" असं म्हणाले. मी कंपन्यांवर लिहिलं असतं, सरकारवर लिहिलं असतं, दोन्हीकडच्या प्रचारवाल्यांवर तर भरभरून लिहिलं असतं. पण लेख सुरू केला की पहिल्याच वाक्यात दीर यायचा. मी सदर थांबवलं.

पुढच्या हंगामात भाई आमची बाग पाहायला येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. एका सकाळी मोटरसायकलचा आवाज आला. ते नेहमीसारखे घरात आले नाहीत, सरळ बागेत गेले. सासरे चप्पल घालून मागे गेले. दोघे बराच वेळ ओळीओळीतून फिरले, फांद्या वाकवून फळं पाहत. मी चहा केला, आणि ट्रे घेऊन जायला वळले तर दिराने तो माझ्या हातातून घेतला. कित्येक महिन्यांनी प्रथमच तो माझ्या इतक्या जवळ उभा होता.

मी काही अंतर ठेवून मागे गेले. भाईंनी कप उचलला, दिराकडे पाहिलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी बागेचा भाव सांगितला. तो दरवर्षीपेक्षा बराच पडता होता. सासरे घासाघीस करण्यासाठी प्रसिद्ध. एका संत्र्यासाठी अर्धा दिवस घालवतील असा माणूस. ते मातीकडे पाहत राहिले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "कवा तोडता?"

भाईंनी रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला. "सोमवारी मानसं पाठवतो," असं सासऱ्यांना सांगून ते मोटरसायकलकडे निघाले. दीर ट्रे धरून तसाच झाडाखाली उभा होता.