सकाळची गोळी

“हे मॅडम मुकी हाय का वं?” पेशंटच्या सासूने माझ्या सहकारिणीला विचारलं.

“मुकी नाई माय, कॉन्व्हेंटची हाय,” ती म्हणाली, आणि अख्खा वॉर्ड हसला.

आम्ही दोघी भूल देण्याचं शिक्षण घेतोय. ती आर्णीची. तिच्याशी पेशंट घरच्यासारखे बोलतात. मी तोंड उघडलं की सावरून बसतात. मीही यवतमाळातच वाढले, तरी. हे मला रोज लागतं.

ती सून झरी जामणीकडची. दुसऱ्या दिवशी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. लहानपणच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. अशा हृदयाला घाई सोसत नाही. ठोके वाढले की त्या चिंचोळ्या वाटेने रक्त पुढे जायला वेळ पुरत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि खोकला, धाप सुरू होते. म्हणून ठोके संथ ठेवणारी तिची रोजची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच असते.

सहकारिणीने सगळं नीट समजावलं: रात्रीनंतर खायचं नाही, प्यायचं नाही, बांगड्या काढून ठेवायच्या. गोळीचं तेवढं राहिलं. माझ्या लक्षात आलं. मी बोलणार, तेवढ्यात सासूने सहकारिणीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मी फाईल मिटली. सिस्टर सांगतील, असं स्वतःला बजावलं.

सकाळी थिएटरच्या दाराशी सासू कौतुकाने सांगत होती की सुनेने कडक उपास धरलाय, पाण्याचा थेंबही घेतला नाही. टेबलावर सुनेचे ठोके एकशे दहा. सहकारिणी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, “भेऊ नको, मी हाय ना.” आम्हाला शिकवणारे सर माझ्याकडे वळून म्हणाले, पेशंटशी कसं बोलावं ते हिच्याकडून शिका. ठोके भीतीने वाढलेत, झोपली की उतरतील, असं म्हणून त्यांनी भुलेची सिरिंज उचलली.

मी स्क्रीनवरचा आकडा बघत होते. मला वाटत होतं, आता सहकारिणीची चूक सगळ्यांसमोर उघडी पडावी. मी काही न बोलताच उघडी पडावी.

तेवढ्यात टेबलावरची सून खोकली. छोटासा, कोरडा खोकला. एकशे सोळा.

“सर, थांबा,” मी म्हणाले. “हिने सकाळची गोळी घेतलेली नाही. काल सांगायची राहिली, आणि ते मला कालच कळलं होतं.”