गार्डाच्या डब्यातला झटका

गुलाबराव रामटेके यांचा समोरचा एक दात अर्धा आहे. सायकलवरून पडलो, असं त्यांनी लग्नाच्या वेळी सांगितलं होतं आणि सरलाबाईंनी ते ऐकून सोडून दिलं होतं. खरं कारण वेगळंच. मालगाडीवर गार्ड म्हणून पहिली ड्यूटी, हातात चहाने भरलेला स्टीलचा ग्लास, आणि गाडी सुटली. ग्लासाच्या काठाने दाताचा तुकडा पाडला. झटका कधी येणार हे ज्याला कळत नाही तो कसला गार्ड, या लाजेपायी हा माणूस आयुष्यभर सायकलीला बदनाम करत राहिला.

एकतीस वर्षं ते गाडीच्या शेपटाला बसले. पुढे मालाने भरलेल्या अठ्ठावन्न वाघिणी, मागे एकटा गार्डाचा डबा. त्यात ना पंखा, ना दिवा, ना बसायला धड बाक. रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, मंत्र्यांसाठी बंगले उठले, पण त्यांच्या डब्यात दिवा काही लागला नाही. ते निवृत्त झाले आणि मग रेल्वेने गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली. “माझ्या जायचीच वाट पाहून राहिले होते,” असं ते रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना सांगत.

त्यांची मुलगी चेतना. तिने सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी अर्ध्यावर टाकली आणि समता कॉलनीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीत रुजू झाली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. गुलाबरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, पोट्टी हुशार आहे. आता तिची तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. सोमवारी तिने गेमसाठी बनवलेली तोफ मालकाला पसंत पडली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसायचं.

तोफ होती अंतराळातल्या जहाजाची. चेतनाने तिचा आवाज काढूनच टाकला होता. तिथे हवा नाही, मग आवाज पोचणार कशातून? विज्ञान अगदी बरोबर होतं. पण मालक निरंजन भैया म्हणाला, यात दम नाही, धडाम् लाव. चेतना खोटं लावायला तयार नव्हती. बापाचा हट्ट सगळाच्या सगळा तिच्यात उतरला होता.

रविवारी सकाळी पोह्यांची बशी तशीच ठेवून ती लॅपटॉपपुढे बसली होती. गुलाबराव मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर लांबलचक जहाज होतं, एकामागे एक जोडलेल्या खोल्या आणि पुढच्या टोकाला तोफ. चेतनाने बटण दाबलं. लोखंडी गोळा सुटला आणि दिसेनासा झाला.

“आवाज काहून नाही?” गुलाबरावांनी विचारलं.

“पापा, वहाँ हवा नहीं है. आवाज जाएगी कैसे?”

“बरं. मंग झटका कोणाले बसला?”

“जहाज थोड़ा पीछे जाएगा, वो मैंने डाला है. पर देखने में कुछ लगता ही नहीं.”

गुलाबराव खुर्ची ओढून बसले. “मले इंजिन कधी ऐकू नाही आलं. अर्धा-पाऊण किलोमीटर पुढं राहे ते. गाडी सुटली हे मले लोखंडातून समजे. पयले सगळं शांत. मंग लांबून एक खड्. मंग खड्-खड्-खड्, एकेक वाघीण ताणत ताणत येऊन राहिली. तेवढ्यात दांडा पकडायचा न तोंड मिटायचं. सगळ्यात शेवटी माझी पाळी.” त्यांनी वरचा ओठ उचलला. “नाही मिटलं तर हे असं.”

“सायकल होती ना ती?” सरलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“नव्हती सायकल,” गुलाबराव म्हणाले.

चेतना मात्र हसली नाही. “हवा नहीं है, पर लोहा तो है,” ती स्वतःशीच म्हणाली. जहाजाबाहेर आवाज जाणार नव्हता. आत मात्र भिंतींतून, सांध्यासांध्यांतून तो येणारच होता, आणि खेळणारा बसला होता सगळ्यात मागच्या खोलीत.

मग तिने दिवसभर बापाला पिडलं. शांतता किती वेळ? डब्यातली गार्डाची पेटी कुठवर सरकायची? आधी पाय हलायचे की कंबर? गुलाबराव उठून उभं राहून करून दाखवत होते. एकतीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. जेवताना त्यांना भरून आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

सोमवारी चेतना त्यांनाच सोबत घेऊन गेली. निरंजन भैयाने त्यांना खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. गुलाबरावांनी बटण दाबलं. गोळा गेला. शांत. मग लांबून एक खड्. त्यांचा उजवा हात आपोआप उठला, टेबलाची कड त्याने घट्ट धरली आणि तोंड मिटलं. खड्-खड्-खड् जवळ आलं, पडदा हादरला, पडद्यावरच्या खोलीत चेतनाने कोपऱ्यात ठेवलेला स्टीलचा ग्लास जमिनीवर घरंगळत गेला.

निरंजन पडद्याकडे पाहतच नव्हता. तो त्या हाताकडे पाहत होता.

“अंकल, टेबल काहे पकड़े?”

गुलाबरावांनी ओशाळून हात काढून घेतला. निरंजनने चेतनाकडे वळून सांगितलं, “धडाम् रहने दो. यही रखो. और कल से तुम पक्की.”

जिना उतरताना गुलाबराव मध्येच थांबले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. “त्या डब्यात मी एकटा राहो, चेतना,” ते म्हणाले. “आता कितीक लोक येऊन बसतील तिथं. तुझे लई उपकार झाले, बाई.”

“पापा, मेरी नौकरी आपने बचाई है.”

“ते राहू दे. तो खेळातला ग्लास रिकामाच ठेवजो. भरला असला तर कोणाचा तरी दात जाईन.”